वेदचं पहिलं पाऊल

रविवार, ४ मे

हरलो. लंडनमधल्या इल्फर्डच्या पार्कात, घरच्या मैदानावर! वेदच्या बाजूला दोन बॉल पडले, दोन्ही त्यानेच घ्यायचे होते. समर आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा; चांगला आणि चिडका. ग्लव्ह आपटून म्हणाला, "काका, ह्याला बसवा आता. ईशिताला आत घ्या."

टीम मी निवडतो. बेसबॉल मला कोणी शिकवला नाही — पुस्तकं मागवून, व्हिडिओ थांबवून थांबवून शिकलो. तेव्हा पोरगा कच्चा आहे की नुसता चुकतोय, हे मला कळतं. लोक झेल बघतात. मी पहिलं पाऊल बघतो. मीही खेळतो: वेद मैदानात लांब डावीकडे उभा, मी लांब मध्ये. त्याचं पाऊल माझ्या दिशेला पडतं आणि बॉल पडतो बाहेरच्या रेषेजवळ.

दोष सापडला. म्हणजे अर्धं काम झालं.

बुधवार, ७ मे

प्रॅक्टिसनंतर वेदला एकट्याला थांबवून घेतलं. अंधार पडेपर्यंत बॉल मारले. एक सुटला नाही! मग मॅचमध्येच काय होतं? विचारलं तर मान खाली. "माझा चूक होता, काका. सॉरी." जन्म इथला, मराठी अशीच.

निदान — दडपण. औषध — आणखी खेळवणे. बाकावर बसून कोणी सुधारत नाही.

रविवार, ११ मे

पुन्हा रेषेजवळ पडला. समर बोलत नाही माझ्याशी. नाही तर नाही.

माझा गुडघा जरा कुरकुरला, बाकी ठणठणीत. बायको, सुलक्षणा, म्हणते, जिथे सगळ्यात जास्त पळावं लागतं तिथेच बरे उभे राहता, पन्नाशी आली! मधली जागा जाणत्या माणसाची असते. तिला हे कोण समजावणार?

मंगळवार, १३ मे

समरचा फोन. महिनाअखेर प्लेऑफची यादी जाते. त्यात वेद असेल तर माझं नाव घालू नका, म्हणाला. वर वेदचा मेसेज — मी नाही आलो तरी चालेल, काका, रिअली.

चालणार नाही.

रविवार, १८ मे

गुडघा सुजला. बाकावरून स्कोअर लिहिला, माझ्या जागी ईशिता. आणि वेद! रेषेजवळचे सगळे झेल त्याचे. पाऊल जिथे पडायला हवं तिथेच पडत होतं. जिंकलो. समरने त्याला उचललाच.

ज्याला कळायचं त्याला कळलं की ही मेहनत कोणाची.

रविवार, २५ मे

मी परत मध्ये. आणि पुन्हा तेच — रेषेजवळ बॉल पडला! सगळ्यांदेखत ओरडलो त्याच्यावर.

नंतर बॅगा भरताना फक्त ईशिता होती. आज दिवसभर बाकावर बसून बघत होती. वेद बसला तर जागा हिलाच मिळणार. म्हणाली, "काका, रागवू नका. तुम्ही पाऊल बघता. त्याच्याआधी तो कुठे उभा असतो ते बघा ना. तुम्ही मध्ये असलात की तो तुमच्याकडे सरकून उभा राहतो. त्या बाजूचे बॉल तुम्हाला गाठता येत नाहीत. मी होते तेव्हा नाही सरकला."

मग हे मला सांगितलं का नाही त्याने?

"मी म्हटलं त्याला, सांग. म्हणतो, काकांना बॅड वाटेल."

घरी येऊन गुडघ्याला बर्फ लावला.

सोमवार, २६ मे

बँक हॉलिडे, इथली सार्वजनिक सुट्टी. मागच्या मॅचचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. बरोबर आहे तिचं. प्रत्येक वेळी.

गुरुवार, २९ मे

यादी गेली. डावीकडे ईशिता. मध्ये वेद. स्कोअर — मी.

वेदचा लगेच फोन. "काका, लिस्टमध्ये चूक झाला आहे."

माझ्या यादीत चूक नसते, म्हटलं.