डाव्या गालावरचे चौकोन

३ फेब्रुवारी

लागलो एकदाचा कामाला. दुकान लहान असलं तरी नीटनेटकं आहे. दोन टेबलं, दोन्हींवर भिंगाचे दिवे, आणि स्क्रूंसाठी खणाखणांचा डबा, त्यात प्रत्येक खणावर चिठ्ठी. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. लॅपटॉप उघडताना ते श्वाससुद्धा हळू घेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर मशीन चालू झालं तरी कशानं झालं ते कळत नाही. अकरा वर्षं मी हेच करतोय, पण मुकाट मान डोलावली.

ताईला जागा आवडली. दुकानापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या, आणि खिडकीशी शिलाई मशीन लावलं की दिवसभर उजेड. आईवडील गेल्यावर तिनंच शिवणकाम करून मला वाढवलं, स्वतःचं लग्नबिग्न सगळं बाजूला ठेवून. आज शर्टाला बटण लावताना म्हणाली की नव्या ठिकाणी जरा जिभेला लगाम घाल. दुपारपर्यंत घातला.

५ फेब्रुवारी

शाळेतल्या एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या. स्क्रीनभर रंगीत रेघा, मधूनच चौकोन. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. दुरुस्त झाला नाही तरी चालेल, दोष नेमका कशात आहे तेवढं खात्रीनं सांगा. अशी गिऱ्हाइकं रोज मिळोत.

बाहेरचा मॉनिटर जोडला तर रेघा तिकडेही. म्हणजे स्क्रीन आणि केबल दोन्ही निर्दोष. विंडोज यायच्या आधी, कंपनीच्या चिन्हावरही रेघा, म्हणजे ड्रायव्हरही सुटला. पंख्यातून मूठभर धूळ काढली, चिपवरची वाळलेली पेस्ट बदलली. तापमान उतरलं, रेघा तशाच. राहता राहिलं ग्राफिक्स कार्ड. ते या मॉडेलमध्ये बोर्डालाच चिकटवलेलं असतं, त्यामुळे काढून दुसरं बसवण्याचा प्रश्नच नाही.

६ फेब्रुवारी

आज चाचणी लावली. कार्डावर ताण द्यायचा आणि चित्र कुठे फाटतं ते बघायचं. तीन-चार दिवस मशीन बंद करायचं नाही, ही इथली पद्धत. दुकानात रंगपट्ट्यांचं चित्र आहे, पण मी वर्षानुवर्षं ताईचा फोटो लावतो. पाठ असलेला चेहरा, एक ठिपका हलला तरी लगेच कळतो. उस्तादांनी नाक मुरडलं, घरचं माणूस गिऱ्हाइकाच्या मशीनवर कशाला म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी ताईच्या डाव्या गालावर तीन चौकोन आले, हिरवट. ताईला सांगितलं तर म्हणाली, निदान रंग तरी बरा निवडायचा.

७ फेब्रुवारी

ताईचा डावा गाल बधिर झालाय. झोपेत उशीवर दबला असेल.

फोटोत चौकोन पाच. एक मात्र खटकलं. बिघडलेलं कार्ड कचरा कुठेही फेकतं, जागा धरून बसत नाही. फोटोची खिडकी ओढून कोपऱ्यात नेली तर चौकोनही गालाबरोबर गेले. शेजारी भिंतीचा फोटो उघडला, तो स्वच्छ. उस्तादांनीही वाकून बघितलं.

१० फेब्रुवारी

ताईला सुई ओवता येईना. डॉक्टरांनी डावा डोळा तपासून ठीक आहे म्हटलं. ताई म्हणते दिसतं, पण मधेमधे जागा रिकाम्या आहेत. कशा विचारलं तर तिनं पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवल्या.

चौकोन काढले तिनं. सात.

दुकानात जाऊन फोटोतले मोजले, आता डाव्या डोळ्यावर चढलेत. सातच. कागद स्क्रीनशी धरला. मांडणी तीच. कागद घडी करून खिशात ठेवला.

११ फेब्रुवारी

एका वेळी एकच गोष्ट. सेटिंगमधून कार्ड बंद केलं, मशीन प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर आणलं. चित्र लख्ख. सुटलो असं वाटलं. पाच मिनिटांत शेजारीण धावत आली, ताई बसल्या जागी कोसळली होती. का कोण जाणे, निघण्याआधी मी कार्ड पुन्हा चालू केलं. घरी पोचलो तर ताई उठून पाणी पीत होती, आणि मला एवढं धापा टाकायला काय झालं म्हणून विचारत होती.

मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. शेजारणीला ताईजवळ बसवलं, दुकानात परत आलो, तिला फोन लावून कानाशी धरला आणि कार्ड फक्त दोन सेकंद बंद केलं. खात्री करून घ्यायला. फोनमधून शेजारणीची किंकाळी आली.

स्वतःच्या बहिणीवर चाचणी घेतली मी.

१२ फेब्रुवारी

शाळेतल्या बाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, त्यावर कोणाचा फोटो लावलात का. हो म्हटलं. त्या रडायला लागल्या. त्यांच्या आईचा फोटो होता स्क्रीनवर. रेघा यायला लागल्या म्हणून त्यांनी लॅपटॉप एकदा बंद केला. रात्रभरासाठी, एकदाच. सकाळी आई उठल्या नाहीत. दोष कार्डाचा की बंद करणाऱ्या हाताचा, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मशीन परत नको म्हणाल्या. दुकानात मी कोणाला स्विचला हात लावू देत नाही. फोटो बंद करायचीही हिंमत नाही, त्याबरोबर ताईच गेली तर. जेवणही इथेच.

१४ फेब्रुवारी

चौकोन चाळीस. उजवा डोळाही गेला. ताई माझ्या आवाजाच्या दिशेनं बघते, आणि ती जागा जरा चुकते.

कार्ड आज दोनदा अडखळलं. दोन्ही वेळा ताईचं बोलणं मधेच तुटलं. तिला पत्ताही नाही.

१५ फेब्रुवारी

एकच उपाय उरलाय. चिपला गरम हवेनं शेक द्यायचा, खालचे सुटलेले सोल्डरचे टाके धरले तर धरले. पण त्यासाठी मशीन बंद करावं लागतं. उस्तादांनी हिशेब केला, खोलणं, शेक, थंड करणं, जोडणं, बावीस मिनिटं. पाच मिनिटं ती तगली होती. बावीस—

नाही केलं तर उद्यापर्यंत कार्ड आपसूक जाईल.

ताईला सगळं सांगितलं. वाटलं वेड्यात काढेल. तिनं माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, तू लहानपणी माझं शिलाई मशीन खोलून ठेवलं होतंस, ते जोडलंस ना शेवटी, मग. मला रडू आवरेना.

१६ फेब्रुवारी, सकाळ

ताई दुकानातल्या बाकावर. अंगावर गोधडी. उस्ताद तिचं मनगट धरून बसलेत. बंद केलं.

सहा मिनिटं. झाकण, बॅटरी, पंखा काढले. नाडी आहे म्हणतात.

तेरा. शेक दिला. आता थंड होऊ द्यायचं, घाई केली तर टाके तडकतील. हातांना काही काम नाही म्हणून लिहितोय. उस्ताद म्हणाले मंद आहे. आहे, पण मंद—

सतरा. पंखा बसवतोय. एक स्क्रू पडला. असू दे—

एकोणीस. बटण दाबलं. पंखा फिरतोय. स्क्रीन काळी. अजून काळी. ताई थांब जरा

आली स्क्रीन. आली. रेघ नाही. फोटो उघडला. एकही चौकोन नाही, गाल आहे, दोन्ही डोळे आहेत, सगळी ताई आहे. उस्तादांना म्हटलं, बघा. ते इकडे बघत नाहीत. त्यांनी ताईच्या मनगटावरचा हात काढून घेतलाय आणि तिची गोधडी तोंडावर ओढून—