हिरव्या बावट्याची गोष्ट

९ सप्टेंबर, मंगळवार

माझी जागा गेली. प्लॅटफॉर्मच्या बाकावर प्रेमाक्कांच्या शेजारी आज मैत्रेयी बसली होती. मी उभी. फ्लास्कमधली पहिली कॉफीही तिलाच — त्याच झाकणातून, ज्यातून रोज मी पिते. शेहेचाळिसाव्या वर्षी एका झाकणावरून जीव जळतो! लिहितानाही लाज वाटते. पण जळतो.

मैत्रेयी पुण्याची, इंदिरानगरला सॉफ्टवेअर कंपनीत. यंदाच इकडे कन्नड मुलखात आली. कॉलनीतले लोक स्टेशनच्या नव्या भिंतीवर स्टेशनच्या इतिहासाचा फलक लावणार आहेत. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, रोजचे प्रवासी इंजिनाला केळीचे खांब बांधून कोहळा फोडतात, त्याच दिवशी. ते काम हिने अंगावर घेतलंय. ‘ताई, या आंटी म्हणजे गोल्डमाइन आहेत हो!’

प्रेमाक्कांचे वडील इथले स्टेशनमास्तर होते. त्या मागच्या क्वार्टरमध्येच वाढल्या, आता मागच्याच गल्लीत राहतात, सकाळी फ्लास्क घेऊन बाकावर येऊन बसतात. हे सगळं मला कधीपासून माहीत आहे. मी त्यांना कधी गोल्डमाइन म्हटलं नाही.

१० सप्टेंबर

मैत्रेयीला कन्नड येत नाही. प्रेमाक्कांना मराठी येत नाही. मी निपाणीची, मला दोन्ही येतं. ‘श्यामला, नी हेळु तिला,’ प्रेमाक्का म्हणाल्या. तू सांग तिला! म्हणजे माझ्याच हाताने वाढायचं.

१५ सप्टेंबर, सोमवार

गाडी उशिरा होती म्हणून प्रेमाक्का रंगात आल्या. मीटरगेजची छोटी गाडी. मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायका. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. मास्तरांच्या कोंबड्या एकदा गार्डच्या डब्यात शिरून थेट पुढच्या स्टेशनला पोचल्या, आणि तिकडच्या मास्तरांनी त्या संध्याकाळच्या गाडीने परत पाठवल्या — एक कमी! सांगताना त्या हसून हसून खोकायला लागल्या.

मी मैत्रेयीला सांगितलं : आधी मीटरगेज होती, फुलवाल्या बायका यायच्या, रुळाच्या तुकड्याची घंटा होती.

‘इतकंच? किती वेळ बोलत होत्या त्या. आणि हसल्या कशाला?’

‘कन्नडमध्ये वेळ लागतो,’ मी म्हटलं.

तिने ‘ओके’ म्हणून लॅपटॉपवर टाइप केलं. बिचारीने विश्वास ठेवला. रेकॉर्डिंगही नाही, कारण फोन तोंडासमोर धरला की प्रेमाक्कांना काही आठवत नाही.

मी खोटं बोलले नाही, कमी बोलले.

हे वाक्य पुन्हा वाचलं. खोटंच बोलले.

१८ सप्टेंबर

खरी भीती कोंबड्यांची नाहीच. बावट्याच्या गोष्टीची आहे.

महांतेश गेला त्या वर्षी प्रेमाक्कांनी ती मला सांगितली. तोवर आमची नुसती तोंडओळख. नवरा जाऊन महिना झालेला, मी कॉलेजच्या लायब्ररीत पुन्हा कामावर जायला लागले होते. खरं तर जायला निघत होते. एक दिवस प्रेमाक्कांनी हाताला धरून बाकावर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. मास्तर तापाने फणफणलेले, पोर्टर गावाला गेलेला, आणि मेल यायची वेळ. तेव्हा प्रेमाक्कांच्या आईने नऊवारीचा पदर खोचला, तान्ह्या प्रेमाला कडेवर घेतलं आणि हिरवा बावटा धरून प्लॅटफॉर्मवर उभी राहिली. एकटी. ड्रायव्हरने टोपी काढली. गाडी पास झाली.

त्या बाईला मनात धरून मी ते वर्ष काढलं. ही गोष्ट त्यांनी मैत्रेयीला सांगितली तर? भाषांतर मीच करायचं!

१९ सप्टेंबर

आज सांगितली नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

मैत्रेयीनेच विषय काढला. ‘ताई, आंटींच्या आईबद्दल विचारा ना.’ विचारलं. प्रेमाक्कांनी माझ्याकडे पाहिलं, फ्लास्कचं बूच घट्ट केलं, आणि म्हणाल्या, ‘आईचा सारू (म्हणजे आपलं सार) फार छान व्हायचा. इंजिनाची शिट्टी वाजली की कानावर हात ठेवायची. जन्मभर.’ बस्स.

या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला. सोपं होतं. गोष्ट माझ्यासाठीच राखून ठेवली त्यांनी! दिवसभर मी हवेत होते.

२५ सप्टेंबर

हवेतून खाली आले. गाडीत मैत्रेयी म्हणाली, ‘ताई, बोर्ड अगदीच कोरडा झालाय. माझंच चुकतंय काहीतरी. मला नीट विचारता येत नाही बहुतेक.’ स्वतःला दोष देत होती. माझ्या चोरीचा!

कॅन्टोन्मेंट स्टेशन येईपर्यंत सगळं ओकले. कोंबड्या सांगितल्या. मीच गाळल्या होत्या हेही सांगितलं. ती नुसती ‘का?’ म्हणाली. ‘हेवा वाटला तुझा,’ म्हटलं. ती जोरात हसली. ‘माझा? ताई, मला इथे तुमच्या दोघींशिवाय कोण ओळखतं!’

मग शिक्षा म्हणून स्वतःलाच म्हटलं, अर्धं कशाला? बावट्याची गोष्टही देऊन टाकली. ‘हीच तर मेन स्टोरी!’ म्हणाली. इथल्या शिवाजीनगरच्या गर्दीतून कॉलेजपर्यंत चालले. काहीतरी विसरून आल्यासारखं सारखं वाटत होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

मैत्रेयीने ऑफिसातल्या कुणाकडून मजकूर कन्नडमध्ये करून घेतला आणि प्रेमाक्कांच्या घरी नेऊन दिला. मीही गेले होते. कोंबड्यांपाशी त्या हसल्या. पुढे वाचून चष्मा काढला. ‘सरी,’ ठीक आहे, एवढंच म्हणाल्या. जिना उतरताना मला हळूच : ‘उद्या लवकर ये. हिला आणू नकोस.’

रागावल्या. त्यांनी राखलेली गोष्ट मी वाटून टाकली.

२९ सप्टेंबर

रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘अय्यो श्यामला, तसं काही झालंच नाही. आई बावट्याला हात लावणार? अप्पांनी लावू दिला असता? तू तेव्हा तिकडे टोकाला उभी राहायचीस. पिवळ्या पट्टीच्या पलीकडे. गाड्यांमागून गाड्या सोडायचीस, चढायची नाहीस. तुला इकडे आणून बसवायचं होतं. मग रोज थोडं थोडं रचत गेले.’

संध्याकाळी मैत्रेयीला फोन केला, बावट्याचा मजकूर काढ. ‘का पण ताई? बेस्ट पार्ट आहे तो.’

तो इतिहास नाही, म्हटलं. माझा आहे, हे नाही म्हटलं.