मंगळवारी मी येणार नाही

सोलापूर,
सोमवार, शाळा सुटल्यावर

प्रिय आरोही,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. नाताळात घरी आलीस तेव्हा ‘पप्पा, तुमचे डोळे गेले’ असं निदान करून तू माझ्या मोबाइलमधली अक्षरं मोठी करून ठेवलीस. किती मोठी, तर पडद्यावर एका वेळी दोन-तीनच शब्द मावतात आणि ते अर्ध्या चर्चला वाचता येतात. हे अक्षरवृद्धीचं कर्म तू पितृभक्तीने केलंस हे मान्य; पण फळ मला भोगावं लागलं. कालच्या आधीच्या रविवारी उपासनेत गीत चालू असताना खिशातला फोन थरथरला, मी तो गीतपुस्तकाआड धरला, आणि तुझा निरोप माझ्याबरोबर मागच्या बाकावरच्या सयाजीमामांनीही वाचला. मामा एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर. लांबून गाडीची पाटी वाचण्यात त्यांचा जन्म गेला. ‘वकील म्हणतात, मी हिंदू झाले एवढं पुरत नाही. गावाकडच्या भावकीने जातीत घेतल्याचा व्हिडिओ लागेल. तिप्पण्णाकाकांशी बोलाल का?’ एवढं मी अंगठ्याने वर सरकवत वाचेपर्यंत मंडळी आमेनला आली होती. मामांनी खिसा चाचपला. त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली. मयताच्या घरी गेल्यावर ते देतात तशी.

म्हणून कागदावर लिहितो आहे. कागदाची निदान घडी घालता येते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: बोललो. काल गावी जाऊन आलो. तिप्पण्णा हो म्हणाला. आता इथेच पत्र संपवलं असतं तर तुला आवडलं असतं, पण तू मास्तराची मुलगी आहेस आणि मास्तराला उजळणी केल्याशिवाय पुढचा धडा घेता येत नाही.

माझे आजोबा भीमा आणि तिप्पण्णाचे आजोबा सख्खे भाऊ, अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातले मातंग. आजोबा पायाची चिघळलेली जखम घेऊन मिशनच्या दवाखान्यात आले, बरे झाले, वाचायला शिकले आणि ख्रिस्ती होऊन इथेच राहिले. धाकट्याने गावात हलगी सांभाळली. सरकारच्या लेखी अनुसूचित जातीचा माणूस हिंदू, शीख नाहीतर बौद्ध असावा लागतो. ख्रिस्ती किंवा मुसलमान झाला की तो यादीतून उतरला. आपल्याला इतर मागासवर्गात बसायला जागा मिळाली, आणि सरकारी नोकरीच्या परीक्षेत तिथल्या कट-ऑफने तुला दोनदा दाराबाहेर ठेवलं. आपल्यासारख्यांना यादीत घ्यावं की नाही हे बघायला दिल्लीत आयोग बसला आहे. त्याला मुदतवाढ मिळते, तुझ्या वयाला मिळत नाही. पाळकसाहेब म्हणाले, धीर धरा, आपण प्रभूच्या येण्याची वाट पाहतोच ना. मी म्हटलं, पाहतो, पण त्या परीक्षेला वयाची अट नाही. ते हसले नाहीत. तुझी आई हसली, आणि मग आत जाऊन बराच वेळ भांडी लावत बसली. या विषयावर ती माझ्याशी बोलत नाही. भांड्यांशी बोलते.

तुला वाटत असेल, चर्चच्या पंच कमिटीतला माणूस मुलीला हिंदू करायला स्वतः गावी कसा गेला. मलाही एस.टी.त बसल्यावर तेच वाटत होतं. पण आयोगाला आपल्या मंडळीने जे निवेदन पाठवलं त्याचा मसुदा माझाच आहे, कारण चर्चमध्ये शुद्ध मराठी लिहिणारा दुसरा बळी नव्हता. त्यात मी ठासून लिहिलंय की धर्म बदलला तरी जात बदलत नाही. लिहून झाल्यावर पुढच्याच रविवारी प्रवचन होतं की ख्रिस्तात जात नाही, आणि मी त्यालाही मनापासून मान हलवली. दोन्ही खरं वाटतं. सात रस्ता चौकाजवळ घर बघायला गेलो होतो ते आठवतं का तुला? मालक फार सज्जन माणूस, चहा दिला, ‘ख्रिश्चन का, वा, शिस्तीचे लोक’ म्हणाला आणि कपात चमचा फिरवत विचारलं, ‘पण मूळचे कोण?’ आपण मूळचे कोण ते कळल्यावर त्याच्या पुतण्याला अचानक ते घर हवं झालं. उलट शाळेत मी संस्कृत शिकवतो म्हणून दरवर्षी कोणी ना कोणी नवीन पालक मला वास्तुशांतीला बोलावतो. म्हणजे घर मिळत नाही, पण दुसऱ्याच्या घराची शांत करायला मी चालतो.

असो. काल उपासना आटोपून अक्कलकोटची गाडी धरली, पुढे वडापच्या जीपमध्ये द्राक्षांच्या दोन क्रेटांच्या मध्ये बसलो. रस्ताभर मी एक प्रस्तावना जुळवत होतो: समाज, कायदा, काळाची गरज वगैरे. तिप्पण्णा अंगणात हलगी शेकत बसला होता, संध्याकाळी लग्नाची सुपारी होती. त्याने माझी प्रस्तावना पूर्ण ऐकून घेतली, कातड्यावर बोट वाजवून बघितलं आणि म्हणाला, “अण्णा, तुमाला भाईर काडलं कवा व्हतं आमी? आत घ्यायचं म्हंजी मानूस आदी भाईर पायजे की.”

हे तो उगाच म्हणाला नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा आपण सुतक पाळलं नाही, आपल्यात ते नाहीच. मी त्याच आठवड्यात वर्गावर उभा होतो. तिप्पण्णाने मात्र पाळलं. घरात गोड शिजवलं नाही, हलगी खुंटीवरून काढली नाही, हातातल्या सुपाऱ्या दुसऱ्या पार्टीला दिल्या. आपल्या मयताचं सुतक तिकडे झालं आणि आपल्याला ते वर्षभराने, तेही दुसऱ्याच कुणाकडून कळलं. हे मला निवेदनात घालायचं होतं, पण शासकीय मराठीत कसं लिहावं ते सुचलं नाही.

रेश्मा तिथेच होती, तिप्पण्णाची थोरली. तीही तुझ्याच परीक्षेची तयारी करते आहे. तिकडच्या कानडी वळणाने ती मला दोड्डप्पा म्हणते, म्हणजे थोरले काका. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “दोड्डप्पा, राग मानू नका. तुमच्या आज्जाला मिशननं पाटी दिली, आमच्या आज्जाच्या गळ्यात हलगीच ऱ्हायली. आरू इंग्लिश मीडियमला गेली, मी हितल्या शाळेत. आता ती माज्याच रांगेत येनार. अन् उद्या आयोग व्हय म्हनला तर तुमचं अख्खं चर्च येनार. रांग लई वाडंल, जागा कोन वाडवतंय?” तिप्पण्णा म्हणाला, “ए, गप की जरा.” मी म्हटलं, बोलू दे. मग मी तिला त्या घरमालकाची गोष्ट सांगितली, की बाई, पाटी मिळाली, तरी घर नाही मिळालं. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, “आमाला तर पाटीबी न्हाय, अन् घरबी न्हाय.”

आरू, तू तिला बाजूला ठेवून विचार करू नकोस. माझ्या निवेदनात पुष्कळ मुद्दे होते, चांगले खणखणीत. पण एकाही मुद्द्यात रेश्मा नव्हती. तिचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही, चूक काय आहे तेही मला सापडलं नाही. येताना जीपमध्ये सापडेल असं वाटलं होतं.

आता गंमत ऐक. भावकीत घ्यायची त्यांची रीत साधी आहे. मरीआईपुढे नारळ फोडायचा, हलगी वाजवायची आणि मग सगळ्या भावकीने एका परातीतून जेवायचं. पहिला घास नव्या माणसाचा. वकिलाला या घासाचा व्हिडिओ हवा आहे. तर रेश्माच म्हणाली, “करायचंच हाय तर नीट करा, आज तालीम करून बगू.” विरोध तिचा आणि मोबाइलही तिनेच धरला, कागदपत्रांत तिच्याइतकं पक्कं त्या घरात कुणी नाही. अंगणात परात मांडली, तिप्पण्णाने भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, चार घरची माणसं गोल बसली. तिप्पण्णाची आई निंगव्वाकाकू भिंतीला टेकून बसली होती. तिला ऐकू कमी येतं, पण मान मोठा. तुझ्या जागी मी. रेश्मा म्हणाली, “हां, दोड्डप्पा, घ्या पैला घास.”

आणि मी डोळे मिटले. हात जोडले. मला कळलंच नाही गं. जन्मात कधी त्याशिवाय ताटाला हात लावलेला नाही. अन्नाबद्दल प्रभूचे आभार मानले, राबणाऱ्या हातांसाठी आशीर्वाद मागितला, आजारी, प्रवासात असलेले, राज्यकर्ते, सगळे झाले. तुला माहीत आहे, माझी प्रार्थना आखूड नसते. डोळे उघडले तर सगळी भावकी परातीवर हात अधांतरी धरून माझ्याकडे बघत होती. निंगव्वाकाकूने डोक्यावर पदर घेतला होता. ती म्हणाली, “झालं का रं? आमटी निवली की.” रेश्मा तोंडात ओढणी कोंबून हसत होती आणि मोबाइल चालूच होता. हसू ओसरल्यावर तिने तो व्हिडिओ पुसून टाकला. “ह्ये जात पडताळनी समितीनं बगितलं तर आरूच्या संगट आमीबी घरी,” म्हणाली. मग आम्ही जेवलो. आमटी खरंच निवली होती, पण चांगली होती.

निघताना तिप्पण्णा वेशीपर्यंत आला. अमावस्येनंतरच्या मंगळवारी करू म्हणाला, आरूला साडी आमच्याकडून. मग हलकेच म्हणाला, “अण्णा, त्या दिवशी तुमी मात्र येऊ नका. तुमी न्हाय म्हनलं तरी तुमचं डोळं मिटत्यात.” तो हे टोचून बोलला नाही. मला दुखू नये म्हणून जीप दिसेपर्यंत दुसरं काहीबाही बोलत राहिला, पाऊस, मुलांची शाळा, बँजोवाल्यांनी हलगीचं मार्केट कसं खाल्लं ते.

तेव्हा मंगळवारी मी येणार नाही. तुझी आई येईल का, ते तिने अजून भांड्यांनाही सांगितलेलं नाही. तू जा. मी तुला अडवत नाही, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर तू ओळींच्या मधलं वाचत बसशील. नुसत्या सवलतीसाठी धर्म बदलणं ही फसवणूक असं न्यायालय म्हणतं, हे वकिलाने तुला सांगितलं असेलच. न सांगितल्यास त्याला विचार. तू तिकडे मनापासून जाते आहेस का, हे मी विचारणार नाही. तू खोटं बोलायला शिकली नाहीस आणि खरं उत्तर ऐकायची माझी तयारी नाही. कालपासून घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. वह्या तपासायला घेतल्या, तीन मुलांना एकाच उत्तराला वेगवेगळे गुण दिले. पुन्हा बसून सारखे केले.

पण एक सांगायचं आहे, ते गावी तिप्पण्णाला नाही सांगितलं, तुझ्या आईलाही नाही. मागच्या महिन्यात आपल्या चर्चमधल्या अक्कम्मामावशी वारल्या. कबरस्तानात माती देताना मला रस्त्यापलीकडे पंक्चरच्या दुकानाशी मोटरसायकलवर एक माणूस दिसला. एवढ्या उन्हात हेल्मेट घालून, काच खाली ओढून बसलेला. पंच म्हणून गर्दी बघायची असते, म्हणून मी पलीकडे गेलो. तो मावशींचा मुलगा शिवू. माझा विद्यार्थी. सरकारी नोकरीत आहे, तू आता ज्या जातीच्या दाखल्याच्या मागे आहेस त्याच दाखल्यावर, आणि ऑफिसात त्याच्या वाईटावर टपलेला कोणीतरी आहे, जो हा चर्चच्या लोकांत दिसला की फोटो काढतो म्हणतात. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो म्हणाला, “सर, मी असाच थांबलोय. एकाची वाट बघतोय.” मी परत आत आलो. त्याच्या वाटणीची माती मी टाकली.

तर आरू, तुला नोकरी लागेल का, लागली तर टिकेल का, चर्चमध्ये लोक काय म्हणतील, याची मला काळजी आहे, पण त्यावर झोप येते. तुझ्या मंगळवारी मी घरी थांबेन, तेही जमेल. माझ्या मातीच्या दिवशी तू रस्त्याच्या पलीकडे थांबशील, याची मला भीती वाटते.

प्रकृतीने सध्या ठणठणीत असलेला, तुझाच
पप्पा