मघेखालचा तारा

प्रिय अजू,

फोनवर सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, शिवाय शेजारच्या खोलीत बाबा कान देऊन असतात, म्हणून लिहितेय. गाडीवरून आमचं गेला महिनाभर वाजलंय. एस्प्लनेडच्या चौकात वळताना डावीकडून येणारा सायकलवाला बाबांना दिसलाच नाही. बिचारा पडला, खरचटण्यावर निभावलं. बाबांचं आपलं एकच पालुपद, हा कुठून उगवला. वर मलाच ऐकवायचं, बजबजच्या डेपोत जन्मभर नोकरीला गाडी नेली, तू मला शिकवू नकोस. रविवारी तिथे जुने सहकारी जमणार होते आणि हे एकटेच गाडी घेऊन निघणार होते. किल्ली काही देईनात. माझा जीव टांगणीला.

शनिवारी संध्याकाळी उन्हाळ्यातलं नेहमीचं कालबैसाखीचं वादळ आलं आणि अख्ख्या बागबाजारची वीज गेली. पाऊस थांबल्यावर आकाश लख्ख झालं, तशी मी बाबांना गच्चीवर नेलं. मघा हा ठळक तारा, त्याच्या बोटभर खाली बाबांचा लाडका तारा, आठवतो ना? त्याला धड नावसुद्धा नाही, नुसता क्रमांक. सूर्याहून कितीतरी मोठा पण थंड, म्हणून नारिंगी. ते नारिंगीपण मात्र दुर्बिणीतून. पावणेतीनशे प्रकाशवर्षांवरून आपल्या वाट्याला येतो तो जेमतेम करडा ठिपका. सरळ बघितलं की पळतो, जरा शेजारी बघावं म्हणजे डोळ्याच्या कडेला उमटतो, हे त्यांनीच आपल्याला शिकवलेलं. मला दिसला. बाबा मान वळवून वळवून शोधत राहिले, मग म्हणाले, ढग आलाय. ढग नव्हता रे. अंधार होता म्हणून बरं, मला रडू आवरेना.

रविवारी त्यांनी आपण होऊन किल्ली देवघरात ठेवली. सोमवारी मुकाट्याने डॉक्टरांकडे आले. काचबिंदू निघाला. कडेकडेची नजर गेलीय, ती परत येत नाही. उरलेली थेंब घालून राखायची.

डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, मुलांनीही तपासून घ्या. माझे डोळे ठीक निघाले. पण दोन वर्षांपूर्वी तू सुट्टीत आला होतास तेव्हाही अशीच वीज गेली होती. तुझ्या सानिकाला तो तारा दिसला, मला दिसला, आणि तू वैतागून म्हणालास, सगळे मिळून थापा मारताय. आपण पोट धरून हसलो होतो. अजू, रोज त्या पोरीला मागे बसवून तू स्कूटर चालवतोस. उद्याच्या उद्या डोळे दाखव, आणि तोवर किल्ली तिच्या आईच्या हातात दे. भांडायचं असेल तर नंतर भांड.

तुझीच, या वेळी अजिबात न हसणारी,
आभाताई