उभ्या गाडीचा ताबा

मी, बुकबाइंडरची धाकटी मुलगी, वय वर्षे तेवीस, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा उल्लेख केवळ रीत म्हणून केलेला नाही. उद्या सकाळी हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मला बेशुद्ध करणार आहेत, आणि काल समजावून सांगताना डॉक्टरांनी 'बहुधा' हा शब्द जरा जास्तच वापरला. बोलताना माझी वाक्ये अर्ध्यावर राहतात. म्हणून घरात जे कधी बोलता आले नाही, ते येथे लिहिते.

१. माझी पुस्तके शाळेच्या ग्रंथालयास द्यावीत. बाबांच्या हातची बांधणी असलेली मात्र घरातच राहावीत. पहिली आल्याबद्दल मिळालेला जाडजूड शब्दकोश मी आत्याला देते. "वाचून वाचून पोरीचं तोंड शिवलं गेलंय," असे ती चारचौघांत म्हणत आली आहे. तिला त्यात कितीतरी सौम्य शब्द सापडतील.

२. शिष्यवृत्तीतून साठलेल्या रकमेतून बाबांनी नवा चष्मा करावा. "जुना चांगला चाललाय" हे उत्तर ग्राह्य धरू नये.

३. माझ्या नावावर एक मोटरसायकल आहे. मला ती चालवता येत नाही. ती दादाची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची. बाबांच्या बांधणीच्या कारखान्यात बसणार नाही, जहाजावर नोकरी धरणार, असे त्याने सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "किल्ली ठेव आणि नीघ." त्यांना कारखान्याची किल्ली म्हणायची होती. दादाने ती टेबलावर ठेवली, आणि गाडीची माझ्या हातात. त्याआधीच त्याने कागदपत्रे माझ्या नावे करून घेतली होती, कारण गाडी भंगारात घालण्याची भाषा घरात सुरू झाली होती. निघताना तो म्हणाला, "मी येईन तेव्हा सुरू झाली पाहिजे हं, बुटके. नाहीतर समजेन, घरात माझं कुणी नाही."

तो हसत म्हणाला. मला मात्र ते हसण्यावारी नेता आले नाही. त्या दिवसापासून तो घरी आलेला नाही, आणि बाबांनी त्याचे नाव घेतलेले नाही.

४. गाडी कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात, रद्दीच्या गठ्ठ्यांपलीकडे उभी आहे. "कागदाच्या घरात पेट्रोल ठेवणार?" हा बाबांचा एकमेव रास्त आक्षेप होता, म्हणून मी टाकी पूर्ण रिकामी केली व आत गंज धरू नये यासाठी तेल फिरवून घेतले. कार्बोरेटरही कोरडा केला, नाहीतर उरलेले पेट्रोल आत डिंकासारखे चिकटून बसते. जुने इंजिन ऑइल काढून नवे भरले. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून कापडाचा बोळा आहे. बॅटरी काढून घरी ठेवली असून ती महिन्यातून एकदा चार्ज करावी लागते. गाडी मोठ्या स्टँडवर आहे. पुढचे टायर एकाच जागी दबून चपटे होऊ नये म्हणून त्यावर खडूची खूण करून मी चाक दर महिन्याला थोडे फिरवते. हे सर्व पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून हँडलला बांधले आहे.

५. गाडीवर घातलेले प्लास्टिक मी चुलतभावाला परत करते. प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि गंज चढतो. गाडीला सुती चादर लागते. तसेच, मी नसताना बाटलीभर पेट्रोल ओतून त्याने पाच मिनिटे इंजिन चालवले आणि वर ऐकवले, "अगं, तिचं रक्त हलतं ठेवलं!" इतक्या वेळात इंजिन पुरते तापतही नाही, आत फक्त पाण्याची वाफ धरते. मला सारे पुन्हा कोरडे करावे लागले. त्याला मी क्षमा करते. किल्ली त्याच्या हाती देऊ नये.

६. गाडी तिच्या मालकाला, म्हणजे दादाला परत मिळावी. तो येईपर्यंत तिचा ताबा कोणाकडे, हाच या मृत्युपत्राचा खरा प्रश्न आहे. नवे कटिंग मशीन ठरले आहे. बाबा फोनवर म्हणताना मी ऐकले, "कोपरा मोकळा करायचाय. पोरीचं ऑपरेशन होऊ दे, मग ये टेम्पो घेऊन." पलीकडे भंगारवाला होता. म्हणून हे कलम मी आधी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांच्या नावे लिहिले होते.

ते खोडले आहे. कारण असे: तपासण्यांसाठी बरेच दिवस इस्पितळात काढून मागच्या आठवड्यात एका दिवसापुरती घरी गेले, तेव्हा टायरवरची खूण मी सोडली होती तेथे नव्हती. कोणीतरी चाक फिरवले होते. चादरीच्या काठावर वाळलेल्या खळीचे बोट उमटले होते. कारखान्यात पुस्तकांना खळ लावणारे हात दोघांचेच आहेत, आणि माझे येथे सलाइनला बांधलेले होते.

मी काही विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी नाकारले असते, आणि पुढचा महिना चाक हलले नसते.

सबब गाडीचा ताबा व किल्ली मी बाबांना देते. दादा आला की किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या हातात द्यावी. टेबलावर ठेवू नये.

पुरवणी. वरील मजकूर लिहून होत असताना बाबा भेटीच्या वेळेत आले.

"साक्षीदार लागतो ना? आण, सही करतो."

"तुम्हाला नाही करता येणार, बाबा. ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये."

"मला काय मिळतंय?"

मी कागद पुढे केला. जुन्या चष्म्यातून, कागद लांब धरून, त्यांनी सहावे कलम वाचले. पुन्हा वाचले. मला वाटले, आता फाडतील.

"मशीन दारापाशी बसवतोय," ते म्हणाले. "तिथं उजेड बरा आहे."

"आणि टेम्पो?"

"आजच बोलावला. रद्दी घेऊन गेला."

मग खिडकीकडे बघत, नेहमीच्या चिडक्या आवाजात: "तो आला की बोळा न काढताच किक मारत बसेल. त्याला कायम घाई."

"म्हणून तर तुम्ही तिथं असायला हवं."

"तूच सांग त्याला. मला नाही जमत त्याच्याशी बोलायला."

"मलाही बोलायला जमत नाही, बाबा. मी पुठ्ठ्यावर लिहिलंय."

त्यांनी हात पुढे केला. किल्ली मी त्यांच्या हातात दिली. टेबलावर ठेवली नाही.

७. उद्या मी शुद्धीवर आले, तर हे मृत्युपत्र रद्द समजावे. सहावे कलम मात्र रद्द होणार नाही. ते माझ्या हयातीतही लागू राहील.

लिहून देणार: बुटकी (सही)

साक्षीदार:
१. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले काका (सही, ग्रीसचा डाग त्यांचाच)

स्थळ: इस्पितळ, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, भेटीची वेळ संपताना