काठावर हसणारी माणसं

ता. ३ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. डोळ्यांत थेंब घालत होतो, लिहायला बसलं की पाणी यायचं. अक्षर गिचमिड येईल. माझं शिक्षण तुला माहीत आहे, समजून घे.

तुमचा 'शांत पाणी' दर रविवारी न चुकता बघतो. घड्याळवाला आणि कंपाउंडर दोघे माझ्याकडेच येतात. माझा पुतण्या टीव्हीवर मासेमारीच्या कार्यक्रमात कामाला आहे, हे मी पंपघरात जाऊन नव्या पोरांनाही सांगून आलो. रिटायर झाल्यापासून तिकडे फिरकलो नव्हतो, पण राहवलं नाही.

तुमच्या त्या टोपीवाल्याची मात्र मला काळजी लागली आहे. माणूस सज्जन दिसतो, हळू आवाजात बोलतो, ते बरोबरच आहे. पण त्याच्या गळाला आजवर एक मासा लागला नाही. मागच्या रविवारी बूट निघाला, त्याआधी छत्री, त्याआधी टेलिफोन. बूट निघाला म्हणजे जागा चुकली, एवढं तरी त्याला सांग. बूट असतो तिथे मासा राहत नाही. गळाची गाठसुद्धा तो बुटाच्या नाडीसारखी मारतो. तू लहानपणी माझ्या मांडीला मांडी लावून गाठ शिकलास, मग तू का दाखवत नाहीस? साहेबांना राग येईल म्हणून गप्प बसतोस का?

आणखी एक. काठावर माणसं जमतात, ती दिसत नाहीत पण त्यांचं हसणं ऐकू येतं. एवढा गोंधळ झाल्यावर मासा येईल कसा? त्यांना दोरी लावून लांब उभं करा.

जेवणाची हेळसांड करू नकोस. म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

तुझा काका

*

ता. १२ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. साहेबांना दाखवलं, त्यांना फार आवडलं. काकांना आणखी लिहायला सांग, असं दोनदा बजावून गेले. आमिष कसं लावावं, काठावर कसं बसावं, सगळं लिहा. मनात येईल तसं लिहा, कोणाकडून सुधारून घेऊ नका.

इकडे कामाची नुसती झुंबड आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. थेंब चुकवू नका. माया आहेच, ती तशीच असू द्या.

तुमचा भोपळ्या

*

ता. २ मार्च

चि. भोपळ्यास आशीर्वाद.

काल कार्यक्रम बघितला. टोपीवाल्याने खिशातून कागद काढला, काकांचं पत्र आलंय असं म्हणाला आणि वाचायला लागला. माझेच शब्द. बूट असतो तिथे मासा राहत नाही. तो थांबला आणि काठावरची माणसं हसली. मग त्याने माणसांना दोरी लावायचं वाचलं, तेव्हा तर ती हसायची थांबेनात. तेव्हा कुठे मला कळलं की काठावर माणसं नाहीतच. ते हसणं मशीनमधून लावलेलं असतं, आणि तो कार्यक्रम मासे धरायचा नाहीच, लोकांना हसवायचा आहे.

मी वळून बघितलं. घड्याळवाला स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. कंपाउंडरला खोकला आला. जाताना मी कंपाउंडरला दारात अडवून विचारलं. तो म्हणाला की आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण तुम्ही इतके मन लावून बघत होता की सांगायचं नाही असं आमचं ठरलं. बाळा, त्यांनी मला चिडवलं असतं तर चाललं असतं. दोघे इतके रविवार माझ्या खाटेवर बसून हसू दाबत होते आणि मी त्यांना गाठ समजावत होतो. त्यांनी मला जपलं, ह्याची लाज जास्त वाटते.

आज दूधसुद्धा शेजारणीकडून मागवलं. रस्त्यात कोणी नुसतं हसून बघितलं तरी काय करू, असं झालंय. पंपघरातली पोरं काय म्हणत असतील?

तुला माहीत होतं ना? एवढंच सांग.

काका

*

ता. ९ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

माहीत होतं. नोकरी लागली तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत की मासेमारीचा कार्यक्रम आहे का, आणि तुमचा आवाज इतका खूश होता की मी हो म्हणून बसलो. नंतर खरं सांगायला तोंड उघडेना.

तुमचं पत्र मीच चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. पहिला मी हसलो, काका. ते आठवलं की जेवण जात नाही. कार्यक्रम बंद पडायला आला होता, तो तुमच्या पत्रावर तरला आणि मला कायम करायचं बोलणं सुरू झालं. पण तुम्ही मला वाढवलंत. तुम्ही नाही म्हणा, पुढचं पत्र मी देणार नाही. मग साहेबांना काय करायचं ते करू देत. ह्या रविवारी पत्राचा उरलेला भाग मी वाचू दिला नाही.

रागवा, पण बोलणं टाकू नका.

तुमचा भोपळ्या

*

ता. २१ मार्च

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर रोज मनात लिहीत होतो, हात धजत नव्हता.

तू म्हणालास तो रविवार मी दार लावून, एकट्याने, आवाज बारीक करून बघितला. माझं पत्र नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी शेवटची नावं वर सरकून संपेपर्यंत वाट बघत बसलो, कुठे तरी येईल म्हणून. टीव्ही बंद केला आणि माझीच मला इतकी शरम वाटली की तोंड धुवून आलो. हे कंपाउंडरला सांगितलेलं नाही, तुलाच सांगतोय.

तुझी नोकरी माझ्या मानापायी जायला नको. म्हणून सोबत वेगळा कागद घातला आहे, आमिषाबद्दलचा. आधी मुद्दाम गमतीचं लिहायला बसलो. जमेना. वाचलं तर रडकं वाटायचं, तीन कागद फाडले. मग जे खरं आहे तेच लिहिलं, गांडूळ उन्हात ठेवू नये वगैरे. ते त्यांना वाचू दे. हे पत्र मात्र कोणाला दाखवू नकोस. ह्यावर कोणी हसलं तर पुन्हा तुला काय लिहावं, मला समजणार नाही, आणि तुझ्याशिवाय लिहायला मला कोणी नाही.

घड्याळवाला काल दारात येऊन गेला. मी आतून कडी काढली नाही. येत्या रविवारी काढीन म्हणतो.

राग गेलेला नाही, पण तो तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, हे मला ठरवता येत नाही. तू घरी ये. आणि तो दुसरा कागद वाचला की दोन ओळी लगेच टाक. खरोखरची माणसं हसली का, तेवढं कळव.

तुझा काका