राखोबाच्या तोंडचे शब्द

१२ जानेवारी, रविवार

रुपरावकाकांची पानं आजही आली नाहीत! आमच्या चित्रकथेचे, राखोबाचे वाचक सकाळपासून मोबाईलवर डोकं खाऊन राहिले. सहा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. फोनवर मी चार ओळींत गोष्ट सांगते, काका त्यांच्या गावी, वाडीत, ट्रकांची रंगरंगोटी आटपून चौकटी काढतात, बोलायचे फुगे कोरे ठेवून पाठवतात — शब्द मी मागून भरते. जुन्या चित्रकथांचं हे तंत्र त्यांनीच शिकवलं.

फोन लेकानं उचलला. अश्विन, पुण्याहून आलाय. "बाबांचा आवाज बसला ताई." अद्रक-मध द्या म्हटलं! वर म्हणाला, "पुण्याला चला म्हणतो तर ऐकतच नाहीत." ऐकतील कसे? मला शंभरदा म्हणाले असतील, "मी वाडी सोडत नाही. पुण्यात मले कोण ओळखते वं?"

१४ जानेवारी

अश्विनच्या मोबाईलवरून पानं आली. काय हे! मी सांगितलं होतं, राखोबा कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरून उडतो. इथं उडणं नाहीच. दोन माणसं त्याला दंडाला धरून गाडीकडे ओढतायत, त्यानं दाराची चौकट घट्ट धरलीय. शेवटी नुसता चेहरा, तोंड उघडं, आणि अर्धं पान खाणारा कोरा फुगा. काहून असं काढलं? वाडीला जाऊन विचारावं, पण शाळेत दहावीच्या हॉल तिकिटांचा सावळा गोंधळ. साहेब सुट्टी देतील तर शपथ.

१५ जानेवारी

सुचलं! राखोबा काय गयावया करणार? शत्रूच्या गुहेत घुसायचं म्हणून तो आपणहून पकडला जातो! फुग्यात टाकलं — "ओढता कशाला? मी येतो! आनंदानं येतो!" वा चारुशीलाबाई!

१९ जानेवारी, रविवार

अंक टाकला. लोक जाम खूश.

२५ जानेवारी

शेवटी वाडीला गेले. जायला नको होतं — नाही, पंधरा दिवस आधीच जायला हवं होतं.

आवाज बसलेला नाही. लकवा आहे! उजवा हात गेला, वाचा गेली, अक्षरही लिहिता येत नाही. शेजारच्या शोभाताईंनी दारातच सांगितलं. काका डावखुरे, म्हणून चित्र तेवढं उरलं. मला पाहून "आं... आं..." एवढंच. मग मोबाईलवर तोच अंक उघडला. फुग्यावर बोट ठेवलं, आपटलं, पुन्हा आपटलं. मान हलवत राहिले — नाही, नाही, नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो राखोबा नव्हताच. काकाच होते! बोलता येत नाही म्हणून चित्र काढलं, फुगा माझ्या भरवशावर सोडला. चारुशीला ओळखेल. आणि मी काय लिहिलं? माझ्या जिभेला हाड नाही ते नाही, लेखणीलाही नाही!

"काका, मी अश्विनला सांगते. आजच सांगते." हात धरून रडले ते. मीपण. अश्विन बाहेर गेला होता. दोन तास बसले. शोभाताई म्हणाल्या, "तो कधी येईल, काही सांगता येत नाही बाई." कोराडीची बस गाठायची होती. निघाले.

२६ जानेवारी

अश्विन फोन उचलत नाही. सात वेळा केला. सगळं लिहून पाठवलं — ते शब्द माझे आहेत, बाबांचे नाहीत. वाचलेलं दिसत नाही. शोभाताईंचा नंबर घ्यायचं सुचलं नाही मला. कशी मी!

२७ जानेवारी

अश्विनचा फोन आला. रेल्वेतून.

"कालपासून सामानाच्या धावपळीत होतो ताई, मेसेज पाहिलेच नाहीत. बाबांना घेऊन निघालो, वर्धा गेलं आता. बाबा मान हलवत होते पहिले, पण लकव्यात तसं होते म्हणतात. मले तर समजतच नव्हतं त्यांच्या मनात काय आहे. मग तुमच्या अंकात वाचलं न, आनंदानं येतो म्हणून. त्याच दिवशी तिकिटं काढली."